बाहेरून कडी

वीणा आर. के. पुरममध्ये राहत होती तोवर दिल्लीतल्या मराठी घरांत लग्न ठरलं की नवरीची आई आधी हॉलवाल्याला फोन करी आणि मग वीणाला. "वीणा, चार उखाणे दे गं. दोन सासूला आवडतील असे, एक जरा चावट, आणि एक पोरीला पाठ होईल इतका सोपा. तिचं मराठी तुला माहीतच आहे." वीणा एका हातानं पोळी उलटत फोनवरच चारही सांगून टाकी. कुणी कवयित्री म्हटलं की तिला हसू येई. "कविता करणारी माणसं वेगळी. मी आपली जुळवते."

तिचा स्वतःचा एक उखाणा तर वसाहतभर झाला होता.

मटारच्या ढिगाशी बसते उन्हात टाकून खाट,
दिलीपरावांच्या बसची बघते रोज वाट.

त्यात खोटं काही नव्हतं. दिलीप तेव्हा केंद्र सरकारच्या एका खात्यात होता आणि चार्टर्ड बसनं घरी यायचा. हिवाळ्यात ब्लॉकसमोरच्या हिरवळीवर मराठी, तमिळ, बंगाली, सगळ्या बायका खाटा टाकून मटार सोलत बसायच्या. घरांची दारं दिवसभर उघडी. अश्लेषा शाळेतून आली की ज्या घरातून चांगला वास येईल तिथं जेवायची.

मग सरकारी नोकरी सोडून खासगीत जायचं वारं आलं. दिलीप मानेसरच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदीखात्याचा मॅनेजर झाला. पांढरी गाडी आली. गुडगावच्या एका नव्या सेक्टरात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जमिनीला संगमरवर, लिफ्टमध्ये आरसा. वास्तुशांतीला आलेल्या बायका लिफ्टमधून उगाचच दोनदा खालीवर करून आल्या. जाताना त्यांच्यातली एक म्हणाली, "छान आहे हो, पण माणसं कुठायत?"

माणसं नव्हती. फ्लॅट बहुतेक गुंतवणूकवाल्यांनी घेऊन ठेवले होते. संध्याकाळी समोरच्या अख्ख्या टॉवरमध्ये दोन-तीन खिडक्या उजळत. पलीकडे मोहरीची शेतं, त्यांत अर्धवट उभे राहिलेले खांब, आणि वीज गेली की जनरेटरची घरघर. मोर ओरडायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वीणाला कुणी बाई ओरडतेय असं वाटलं होतं.

त्या दिवाळीत शेजारच्या सेक्टरात चोरी झाली, म्हाताऱ्या जोडप्याला मारलं. पेपरात फोटोसकट आलं. दिलीपनं सुतार बोलावला आणि दाराला बाहेरून जाडजूड कडी बसवली. सकाळी जाताना तो कडी घालून कुलूप लावू लागला.

"अरे, बाहेर कुलूप बघूनच तर चोर येतात," वीणा म्हणाली.

दिलीप कधी आवाज चढवत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं ताट ढकललेलंही तिला आठवत नव्हतं. तो हसला. "चोर सामानासाठी येतात. तू काय सामान आहेस?"

दुसरी किल्ली खाली गार्डकडे असे. अश्लेषा शाळेच्या व्हॅनमधून उतरली की गार्ड वर येऊन दार उघडी, तिला आत घेई आणि पुन्हा कुलूप लावी. वीणानं त्याला एकदा सांगून पाहिलं, भैया, राहू दे, मी खाली भाजी बघून येते. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "साहब का ऑर्डर है, मैडम." भाजी संध्याकाळी दिलीपच आणायचा. चांगली आणायचा, मटार दाबून बघून.

थोड्या दिवसांनी कॉर्डलेस फोनचा हँडसेटही त्याच्या ऑफिसच्या बॅगेतून जाऊ लागला. दुपारी कसकसले फोन येतात, म्हणाला, कोण एकटं आहे ते बघतात. संध्याकाळी तो परत आला की बॅगेतून आधी हँडसेट निघे, मग रिकामा डबा.

वीणानं सांगितलं नाही असं नाही. नाशिकच्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, दिल्ली आहे ती. दाजी जपतात तुम्हाला." आर. के. पुरमच्या कुमुदिनीताईंना सांगितलं. कुमुदिनीताई म्हणजे मंडळातलं मोठं माणूस, हळदीकुंकवापासून कुणाच्या बाळंतपणाच्या डब्यापर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर चाले. त्या फोनवर खळखळून हसल्या. "अगं, नशीब काढलंस! आमचे विनायकराव मला स्टेशनवर विसरून घरी आले होते. तुझा तुला कुलपात ठेवतो. सोन्यासारखी." दिलीप तेव्हा समोरच्या सोफ्यावर पेपर वाचत होता. वीणाही हसली.

या मंडळींचं हे असंच. पुण्या-नाशकाकडून दिल्लीत आलेली घरं पहिल्या दिवसापासून एकमेकांना एकच गोष्ट शिकवतात: इथं बाईमाणसाला जपायचं. सातच्या आत घरात, बसमध्ये पुढच्या दारानं, रिक्षाचा नंबर नवऱ्याला. तेव्हा जो जास्त जपेल तो जास्त चांगला, हे ओघानंच आलं. कडी आतून की बाहेरून, हे कोण बघत बसतं?

*

पुस्तक घरात आलं ते हिवाळ्याच्या सुट्टीत. धुक्यामुळे शाळा बंद झाल्या आणि नववीतल्या अश्लेषाला होमवर्क म्हणून एक इंग्रजी कादंबरी मिळाली. अलीकडे परदेशात मुलांसाठी असली काळीकुट्ट पुस्तकं निघतात, त्यांतलं एक. मुखपृष्ठावर बर्फात एक घर आणि एकच पिवळी खिडकी. नेहमीसारखा सारांश लिहायचा नव्हता. प्रत्येक प्रकरणाला एका कवितेनं उत्तर द्यायचं होतं.

"कवितेनं उत्तर म्हणजे काय यार?" अश्लेषा वैतागली. "आई, तू बना ना. तुझं ते राइमवालं."

"उखाणे? ते नवऱ्याच्या नावाचे असतात, बाई."

"तो चलेगा. ह्यात पण एक नवरा आहे. हेन्रिक."

दोघी खूप हसल्या. बाहेर कुलूप होतं आणि धुक्यानं बाल्कनीचा कठडासुद्धा दिसत नव्हता. दुपारभर अश्लेषा एकेक पान वाचून मराठीत सांगे, अडलं की हिंदीत सांगे, आणि वीणा मटार सोलत ऐके.

गोष्ट एका लांबच्या थंड गावातली. हेन्रिक नावाचा बाप, त्याची बायको आणि ईडा नावाची मुलगी. बाहेर काहीतरी आहे, असं बाप म्हणतो. काय आहे ते सांगत नाही. एका खिडकीवर फळी ठोकतो. मग दुसऱ्या.

वीणानं पहिलं उत्तर दिलं तेव्हा तिच्या बोटांत सोललेली शेंग होती.

खिडकीला ठोकली फळी, म्हणे वारा येतो फार,
हेन्रिकराव घरात असता कशाला हवं दार?

"हेन्रिकराव!" अश्लेषा हसून आडवी झाली. मग उठून तिनं त्याचं इंग्रजी केलं. इंग्रजीत त्यातलं हसू कुठं गेलं कोण जाणे. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वीणाच्या अंगावर काटा आला.

पुढच्या प्रकरणात ईडाची आई पळून जाते. एकटी. मुलीला झोपेत ठेवून.

वीणाचे हात थांबले. "मुलीला टाकून?"

"तिला चान्स मिळाला ना, आई."

"चान्स मिळाला म्हणून?" तिला त्या कागदावरच्या बाईचा इतका राग आला की तिनं सोललेले मटार नि सालं एकाच भांड्यात टाकली. मग सालं एकेक वेचून ती बाजूला काढू लागली. बोलली ती दोन ओळीच.

बर्फावरून आई गेली, उठला नाही ठसा,
हेन्रिकरावांच्या लेकीचा श्वास राहिला कसा?

शेवटाबद्दल तिनं अश्लेषाला दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. शेवटी बाप मरतो. गावातले लोक फळ्या उचकटतात. ईडाला दुसऱ्या घरी नेतात. चांगलं घर असतं. पण तिला तिथं झोप येत नाही. शेवटच्या पानावर ती त्या घरच्या बाईला सांगते, माझ्या खोलीला बाहेरून कडी लावा, म्हणजे मला झोप येईल.

या प्रकरणाचं उत्तर वीणाला जुळवता आलं नाही. "हे असू दे," ती म्हणाली. "तुझं तू लिही."

अश्लेषानं काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी दिलीप घाईत निघाला. कंपनीत कोणी परदेशी पाहुणे यायचे होते. लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. वीणा ओट्याशी उभी होती. दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला नव्हता.  चपला कुठं आहेत, एवढंच तिच्या मनात आलं.

आणि अश्लेषा धावत बाहेर गेली. "बाबा! कडी राहिली!"

दिलीप परत आला. लेकीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला. अश्लेषानं आत येऊन दार स्वतःच ओढून घेतलं, घट्ट, त्याला बाहेरून सोपं जावं म्हणून. कुलूप लागल्यावर तिनं श्वास सोडला.

"अगं, का गेलीस?" वीणानं विचारलं. 

"उघडं असलं की अजीब वाटतं मला. अभ्यास नाही होत." आणि ती ब्रेडला लोणी लावायला बसली.

*

शाळा सुरू झाली. कवितांवर बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्या वर्गाबाहेर बोर्डावर लावल्या. पालकसभेत त्यांनी दिलीपला बोर्डापाशी नेलं. पालकसभेला तोच जात असे. "सर, काय डार्क कल्पनाशक्ती आहे मुलीची! घरी कोणी लिहितं का?"

दिलीपनं सगळ्या कविता शांतपणे वाचल्या, असं अश्लेषानं सांगितलं. बाईंना थँक यू म्हणाला. रात्री जेवताना त्यानं कोशिंबीर मागून घेतली आणि मग म्हणाला, "मानेसरच्या पुढं प्लॉटवर घर बघितलंय. स्वतंत्र. कारखान्यापासून जवळ आहे, म्हणजे मला दुपारी जेवायला घरी येता येईल. कंपाउंडची भिंत चांगली उंच आहे."

"आणि शाळा?" वीणानं विचारलं.

"ओपन स्कूलमधून घरी बसून दहावी करता येते. शाळेत काय पुस्तकं देतात ते बघितलं ना आपण?" तो अश्लेषाकडे बघून हसला. "माझ्याच लेकीला हेन्रिकराव शिकवतात."

अश्लेषानं मान खाली घातली. 'राव' लावलेलं ते मराठी नाव त्या इंग्रजी कवितांत कुठंच नव्हतं. ते फक्त दुपारी, बंद घरात, दोघींनी म्हटलं होतं. दिलीपला ते कुठून कळलं, लेकीनं सांगितलं की दाराबाहेर उभं राहून कुणी ऐकलं, हे वीणाला कळलं नाही. त्या दिवसापासून ती घरात काही जुळवेनाशी झाली.

सामानाचे खोके बांधून झाले. ट्रक रविवारी सकाळी यायचा होता. शनिवारी कुमुदिनीताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वीणाला वाटलं नव्हतं, पण दिलीप जा म्हणाला. "इतक्या वर्षांचे संबंध. गेलं नाही तर लोक काय म्हणतील? मी खाली थांबतो. अश्लेषा गाडीत बसेल माझ्याबरोबर. तिला सर्दी आहे."

अश्लेषाला सर्दी नव्हती.

*

कुमुदिनीताईंचा पहिल्या मजल्यावरचा सरकारी क्वार्टर बायकांनी भरला होता. काळ्या साड्या, तिळगुळाचे डबे, वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या. बाहेर दुपार कलली होती आणि धुकं उतरू लागलं होतं. बाल्कनीखाली पांढरी गाडी उभी होती, इंजिन सुरू ठेवून.

"आली गं आमची गुडगावची महाराणी!" नोएडाहून आलेली सरला ओरडली. "दिलीपराव खाली थांबलेत? वर तरी पाठवायचं, तिळगूळ दिला असता."

"थांबतात बाई ते. जीव आहे," कुमुदिनीताई म्हणाल्या. "चला, वीणा आली, आता खरी मजा. उखाणा!"

"आधी हळदीकुंकू तरी लावा," वीणा म्हणाली. तिनं कुणाला बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं. पण बाजू अशी नव्हतीच. स्वयंपाकघरात तिघी, बेडरूममध्ये चौघी, आणि हात धरून जिला सांगावं ती आधी हसणार. त्या सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, तोंडं हसायला तयार ठेवून. वीणाला वाटलं, हेच एक आहे जे या ऐकतात.

ती सतरंजीच्या मधोमध बसली.

गुडगावच्या फ्लॅटला लिफ्ट, आरसा, संगमरवर,
दिलीपराव लावतात कुलूप, किल्ली त्यांच्या कमरेवर.

हशा उसळला. "अगं बाई, कमरेवर!" सरलानं टाळ्या पिटल्या. "आमच्याकडे किल्ली कुत्र्याच्या पट्ट्यालासुद्धा सापडत नाही!"

"अजून एक!"

वीणानं पदर सारखा केला.

बाहेर कडी, आत मी, मधे सागवानी दार,
दिलीपराव म्हणतात, "अगं, जग वाईट फार."

पुन्हा हसल्या. पण यावेळी जरा कमी, आणि कुणीतरी म्हणालं, "वाईटच आहे हो, खोटं काय त्यात." एकीनं तर दोन्ही उखाणे पाठ करायला घेतले, भाचीच्या लग्नासाठी. फक्त नाव बदलायचं. कुमुदिनीताई हसल्या नाहीत. त्यांच्या हातात अत्तरदाणी होती, ती हातातच राहिली.

खालून हॉर्न वाजला. एकदाच, हळू.

"हाक आली!" सरला म्हणाली. "जाता जाता एक घे. फर्मास."

वीणानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं तिला दार ओढून घेणारी अश्लेषा दिसली.

फोन गेला, दार गेलं, शाळाही आता जाईल,
उंच भिंतीच्या घरात उद्या लेकीला माझ्या नेईल...

"नेईल काय गं? नेतील म्हण!" सरला म्हणाली. "कोण नेईल? नाव घे!"

"नाव घे, नाव घे!" टाळ्या सुरू झाल्या.

वीणा गप्प बसली.

टाळ्या थोडा वेळ चालल्या. मग एकेक हात थांबला. लाजून नाव अडकतं ते नव्या नवरीचं, विसरून अडकतं ते म्हातारीचं. वीणाचं कधी अडकलं नव्हतं. नवरा जिवंत असलेली, कपाळावर ताजं कुंकू असलेली बाई भर हळदीकुंकवात नाव घ्यायचं नाकारते आहे, हे खोलीच्या हळूहळू लक्षात येत गेलं. कुणीतरी कुजबुजलं, "अगं, घे की. अभद्र दिसतं ते."

"नाही घेणार," वीणा म्हणाली.

कुमुदिनीताई खाली वाकल्या. त्यांचे गुडघे दुखत, तरी सतरंजीवर बसल्या. "हे सगळं खरं आहे? मला फोनवर सांगितलंस ते?"

"हो."

"मी हसले होते."

"हो."

त्यांनी वीणाच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढला. "अश्लेषा कुठंय?"

"खाली. गाडीत. म्हणून तर..." वीणानं बाल्कनीकडे बोट दाखवलं.

कुमुदिनीताई उठल्या. बाल्कनीत गेल्या आणि ब्लॉकच्या सात घरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "दिलीऽप! अरे, पोरीला वर पाठव! वाण वाटायला हात कमी पडतायत!"

गाडीची काच खाली आली. "तिला सर्दी आहे ताई. वीणाला पाठवा ना. धुकं वाढतंय."

"सर्दीला सुंठीचा काढा आहे माझ्याकडे! पाठव, पाठव! हळदीकुंकवाच्या दारातून लेक परत नेतात होय?" आणि मागं वळून हलक्या आवाजात, "सरला, सगळ्यांना बाहेर आण. उभ्या राहा इथं."

बाल्कनी काळ्या साड्यांनी भरली. वरच्या मजल्यावरची तमिळ मामीही डोकावली. बायका काही बोलत नव्हत्या. नुसत्या खाली बघत होत्या. दिलीपनं वर पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे. जपणारा म्हणून ज्या त्याला ओळखत होत्या त्याच सगळ्या. गाडीचं दुसरं दार उघडलं.

अश्लेषा जिना चढून वर आली. "काय झालं? बाबा म्हणाले, दोन मिनिटांत ये."

वीणानं तिला आत ओढलं. कुमुदिनीताईंनी दार लावलं आणि कडी घातली. जुनी सरकारी कडी, पूर्ण बसत नसे. त्यांनी विनायकरावांना फोन लावला, क्लबातून ताबडतोब घरी या म्हणून सांगितलं. मग नाशिकचा नंबर वीणाकडे मागितला.

हॉर्न वाजला. दुसऱ्यांदा लांबलचक. मग इंजिन बंद झालं. ते इतका वेळ चालू होतं की बंद झाल्यावर खोलीतल्या सगळ्यांना कान दुखल्यासारखं झालं. गाडीचं दार लागलं. जिन्यावर पावलं वाजू लागली, सावकाश.

टकटक झाली. अगदी हलकी.

"वीणा. चल. झालं ना हळदीकुंकू?"

कुमुदिनीताई दारापाशी गेल्या.

"दिलीप, त्या दोघी आज इथंच राहणार आहेत," कुमुदिनीताई म्हणाल्या.

बाहेर तो थोडा हसला. "ताई, तुम्हाला तिनं काय जुळवून सांगितलं? ती जुळवते, माहीत आहे ना?" मग आवाज आणखी मऊ झाला. "अश्लेषा. बेटा. दार उघड. तुला उघड्या घरात झोप येणार आहे का?"

अश्लेषा आईच्या हातातून सुटली आणि दाराकडे गेली.  कडीवर मुलीचा हात पडला. तो हात तिथं तसाच राहिला. दाराच्या पलीकडे, एका बोटाच्या अंतरावर, तिचा बाप श्वास घेत होता आणि तो सगळ्यांना ऐकू येत होता.

अश्लेषानं कडी खाली दाबली. दोन्ही हातांनी, पूर्ण बसेपर्यंत. मग ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "ही आतून आहे ना?"

"आतून आहे," वीणा म्हणाली.

पावलं जिना उतरल्याचा आवाज मात्र आला नाही.